या खेपेला आधी मी

“ताइवो!” नर्सबाईंनी दारातून हाक मारली, आणि आंब्याखालच्या बाकांवरची निम्मी रांग एकदम उठून उभी राहिली.

रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात केहिंदेला हसू आवरेना. इग्बो-ओरात बदलून आलेल्या नर्सबाई पहिले आठ-दहा दिवस अशाच फसायच्या. घरटी जुळी असलेलं गाव. आधी जन्मेल तो किंवा ती ताइवो, मागून येईल ती केहिंदे, हे नाव ठेवायच्या आधीच ठरलेलं. तिथं आडनाव न घेता हाक मारली की हेच व्हायचं.

उठलेल्यांपैकी बाकी सगळे पुढं सरकले. एक मात्र मागं सरकू लागला. उलट्या पावलांनी, नर्सबाईंकडे गोड हसत, खांद्यावर फुटबॉलची जाळी सांभाळत… आणि तसाच रस्ता ओलांडून थेट केहिंदेच्या दुकानात शिरला.

“दोन मिनिटं इथं उभा राहू का? त्या मला शोधतायत.”

“काय चोरलंत त्यांचं?”

“चोरलं काही नाही. त्याच मला काहीतरी द्यायला बघतायत… सुईनं.”

केहिंदेनं त्याच्याकडं नीट पाहिलं. गळ्यात शिट्टी, गुडघ्यापर्यंत लाल माती, आणि दारात मावणार नाहीत असे खांदे. “एवढे दांडगे दिसता, आणि सुईला घाबरता?”

“सुईला नाही हो. सुईनंतरच्याला.” त्याचा आवाज एकदम उतरला. “माझ्या संघातली पोरं मोबाइलवर काय काय दाखवतात. म्हणे लशीनं माझ्या वयाच्या पुरुषांचं हृदय सुजतं. तुम्ही औषधवाल्या आहात. हे खरं की खोटं?”

हा प्रश्न तिला दिवसातून कितीदा तरी यायचा. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असायचं. कुणाला ‘खोटं’ ऐकून निर्धास्त व्हायचं असायचं, कुणाला ‘खरं’ ऐकून घरी जायचं असायचं. ह्याच्या तोंडावर मात्र तसं काहीच नव्हतं. तो नुसता विचारत होता.

“खरं आहे,” ती म्हणाली.

त्यानं फुटबॉलची जाळी हळूच खाली ठेवली.

“पण अर्धंच ऐकून पळू नका. होतं, पण फार थोड्यांना, लाखात काही जणांना. जास्त करून तुमच्यासारख्या तरुण पुरुषांना, आणि बहुतेकदा दुसऱ्या डोसनंतर पहिल्या काही दिवसांत. त्यातलेही बहुतेक जण विश्रांतीनं बरे होतात. आणि लस न घेता हा साथीचा आजारच झाला, तर त्यानं हृदय सुजायची भीती ह्याहून जास्त. वर श्वासाचे हाल वेगळेच.”

“म्हणजे धोका दोन्हीकडं.”

“दोन्हीकडं. एकीकडं मांजराएवढा, दुसरीकडं बिबट्याएवढा. मांजर ओरबाडत नाही असं मी म्हणणार नाही.”

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे तिनं पाहिलं आणि उगाचच खोकल्याच्या बाटल्या सरळ करायला घेतल्या.

“बरं, पण माझ्या जागी तुम्ही असतात तर?”

“मी बाईमाणूस. माझं गणित वेगळं.” बाटल्या आधीच सरळ होत्या… तिनं पुन्हा केल्या.

“मी ताइवो. ताइवो अदिगुन. शाळेत खेळ शिकवतो.” त्यानं दाराबाहेर डोकावून घेतलं. “माझा केहिंदे, म्हणजे जुळा भाऊ, लेगॉसला गार हवेत बसून फोन करतो, तू घेऊन बघ, मग मी ठरवतो. जन्मापासून हेच चाललंय.”

“बरोबरच आहे त्याचं.”

“तुम्ही का त्याची बाजू घेताय?”

“कारण मीही केहिंदेच.”

इग्बो-ओरात एवढं पुरतं. पोटात दोघं असतात तेव्हा केहिंदे म्हणते, जा, जरा जग चाखून ये, गोड आहे का बघ. मग ताइवो बिचारा बाहेर येतो, चव घेतो, रडून सांगतो की ठीक आहे, ये. मग केहिंदे सावकाश येते. म्हणून मागून येऊनसुद्धा थोरली तीच. धाडणारी ती, धाडला जाणारा तो.

“असं होय! तुम्ही त्या धाडणाऱ्या मंडळींतल्या!” अदिगुननं कपाळावर हात मारला. “मग धाडा मला. माझा केहिंदे लांब आहे, तुम्ही जवळ आहात. पण रिपोर्टही तुम्हालाच द्यायला येणार हं… रोज.”

“रोज कशाला?”

“चव रोज बदलते.”

केहिंदेनं हात उंच करून रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. “जा.”

आणि तो खरंच गेला. नर्सबाईंपुढं बाही वर करताना त्यानं इकडं वळून पाहिलं. ती काउंटरमागं खाली वाकली. काही पडलं नव्हतं.

*

रिपोर्ट येऊ लागले. शाळा सुटली, सराव आटोपला, की शिट्टी खिशात घालून स्वारी दुकानाच्या पायरीवर हजर. आधी शेजारच्या गाळ्यात याम कंदाच्या पिठाची पोती मांडून बसलेल्या तिच्या आईपुढं लवून जमिनीला हात टेकवायचा. “ईया इबेजी, बरं आहे ना?” जुळ्यांच्या आईला गावात दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे.

“मी बरी आहे. तुमचाच दंड कसा आहे?” आई डोळे बारीक करून विचारायची.

“दंड दुखतोय.” हा पहिला रिपोर्ट.

“रात्री अंग गरम होतं, सकाळी गेलं.” हा दुसरा.

“आज काहीच नाही.” हा तिसरा, आणि मग पुढचे कितीतरी.

“काहीच नाही, तर आलात कशाला?”

“काहीच नाही हे सांगायला. हाही रिपोर्टच.” कागदात बांधलेले गरम आकारे, म्हणजे चवळीचे वडे, तो काउंटरवर ठेवायचा. “आणि हे त्याचे कागदपत्र.”

केहिंदे नाकावर चष्मा सारून एक वडा उचलायची. “कागदपत्रांत मीठ कमी आहे.”

“म्हणजे चाखलातसुद्धा? आधी मी चाखायचं असतं!”

पत्र्यावर अधूनमधून पाऊस वाजायचा. मोसम सरत आला होता, सरी यायच्या आणि लगेच ऊन पडायचं. तो दर सरीला पायरीवरून एकेक पाऊल आत यायचा… आणि ऊन पडलं तरी मागं जायचा नाही.

एवढं छान चाललेलं असताना केहिंदेला एक गोष्ट टोचत होती. ती रोज संध्याकाळी फोनवर यायची.

“घेतलीस का?” इबादानहून तिची जुळी बहीण ताइवो विचारायची. मागं तान्ही ओरडत असायची.

“जाते गं. गर्दी असते.”

“तुझ्या दुकानासमोरच तर देतात! हे बघ, शाळेत नाव मी आधी घातलं. सायकल आधी मी चालवली, गुडघे माझे फुटले. लग्न आधी मी केलं. बाळंतही आधी मीच झाले. कधी म्हटलं का तुला? पण आता माझ्या अंगावर पिणारं लेकरू आहे. दिवसभर तिच्याकडं बघत बसते… शिंकली तरी माझा जीव थरथरतो. या खेपेला नाही होत माझ्यानं. या खेपेला तू चाख. तू घेतलीस की मी त्याच दिवशी जाते.”

“अंगावर पाजणाऱ्यांना चालते, ताइवो. मी तुला वाचून दाखवलं.”

“वाचलेलं नको मला. तू सांग.”

केहिंदेला सगळे आकडे पाठ होते. ते ती दिवसभर लोकांना सांगायची, आणि लोक तिच्या शब्दावर रस्ता ओलांडून जायचे. स्वतःचं पाऊल मात्र उंबऱ्यावर अडायचं. आयुष्यात एकही दार तिनं आधी उघडलेलं नव्हतं.

“पोटातूनसुद्धा पाऊण तास उशिरा आलीस तू,” आई पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणायची. “सुईणीला वाटलं, एकच आहे. ती हात धुऊन निघालीसुद्धा होती.”

*

हे गुपित आईनंच फोडलं, आणि तेही हसत हसत.

अदिगुन पायरीवर बसून सांगत होता, की उद्या दुसरा डोस, आणि मग रिपोर्ट जरा मोठे असतील, म्हणजे खुर्ची लागेल. आई पीठ मापता मापता म्हणाली, “अहो मास्तर, हिला कसले रिपोर्ट देताय? हिनं स्वतः कुठं घेतलीय!”

त्याचा हात आकाऱ्याच्या कागदावरच थांबला. “नाही घेतली?”

“मी… घेणार आहे.”

“तुम्ही मला धाडलंत.”

“खोटं एक अक्षर बोलले नाही मी तुमच्याशी!”

“नाही बोललात. पण ‘माझं गणित वेगळं’ म्हणालात ना? मला वाटलं, सोडवून झालंय.” तो उठला. चिडला असता तर बरं झालं असतं, त्यानं कागद नुसता काउंटरवर सरकवला. “माझा केहिंदे तरी सांगून काठावर बसतो.”

“आकडे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत!” तिचा आवाज चढला. “पण भीती आकडे विचारून येत नाही.”

“मग तेच सांगायचं होतं… की भीती वाटते. मलाही वाटत होती. दोघं मिळून घाबरलो असतो.”

तो गेला. वडे काउंटरवरच निवले.

दुसऱ्या दिवशी तो रांगेत दिसला. इकडं न बघता. तो आत जाऊन दंड धरून बाहेर आला, तेव्हा मात्र केहिंदेला राहवेना. दुकान उघडं टाकून ती रस्त्यापर्यंत धावली.

“अदिगुन सर! आठवडाभर पळायचं नाही. सराव पोरांना घेऊ दे. छातीत दुखलं, धाप लागली, धडधड झाली, तर त्याच घटकेला यायचं. बाम चोळत बसायचं नाही. कळलं?”

“कळलं,” तो म्हणाला. तसाच दंड धरून तो शाळेच्या वाटेला लागला.

त्या दिवशी रिपोर्ट आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानापुढं मोटारसायकल थांबली. चालवणाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत अदिगुन उतरला. एक हात छातीवर. कपाळावर घाम, आणि पाऊस पडून गेल्यामुळं हवा तर चांगली गार होती.

“रिपोर्ट द्यायला आलो,” तो म्हणाला. “आज जरा… वेगळा आहे.”

*

केहिंदे घाबरली की हळू व्हायची. त्या दिवशी झाली नाही. आईनं गाळ्यावर फडकं टाकायच्या आत तिनं आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली, कोपऱ्यावरची भाड्याची गाडी आणवली आणि त्याच्या शेजारी बसली. मोठा दवाखाना अबेओकुटाला, आणि त्या रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला ती त्याचा हात घट्ट धरत होती, आणि खड्डा संपला तरी सोडत नव्हती.

“पळालात का?” तिनं विचारलं.

“एक पाऊल नाही. देवाशपथ. सकाळपासून छातीत टोचतंय, खोल श्वास घेतला की जास्त.” तो क्षणभर थांबला. “पोरं म्हणाली, वारा भरला असेल, बाम लावा. मी म्हटलं, दुकानवाल्या बाई बामावरून मारतील.”

“बोलू नका.”

“मग हात सोडा. हातच बोलतोय इतका.”

तिनं नाही सोडला. खिडकीबाहेर कसाव्याची शेतं मागं पळत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ‘जा’ म्हणून बोट दाखवणारी मी. मी इकडच्या बाजूला उभी, आणि हा…

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. “हृदयाच्या स्नायूला थोडी सूज आहे. लशीनंतर क्वचित होतं, तेच. सौम्य आहे. इथं ठेवून लक्ष ठेवू. वेळेवर आणलंत. हा पोरगा अशा छातीनं पोरांबरोबर धावला असता तर मला काळजी होती.”

ती खाटेशी जाऊन उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचेवर पडलं.

“मी धाडलं तुला,” ती म्हणाली. ‘तुला’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“धाडलंस ते मांजर आहे हे सांगून. ओरबाडेल हे सांगून. ओरबाडल्यावर कुठं यायचं, तेही सांगून.” तो उशीला टेकला. “खोटं सांगून धाडलं असतंस ना केहिंदे, तर मी आज मैदानावर असतो.”

“लाखात थोड्यांना होतं म्हणाले होते मी.”

“मग त्या थोड्यांत कुणीतरी असणारच की. आमच्या घरात पहिला नंबर माझाच असतो.” आणि त्या पांढऱ्या खोलीत, छातीला तारा लावलेल्या अवस्थेत, त्याच्या एका गालाला खळी पडली.

*

दुखणं दोन दिवसांत ओसरलं. दोन-तीन महिने धावणं बंद, मग पुन्हा तपासणी, आणि ह्या लशीचा पुढचा डोस त्याला नको, असं सांगून त्याला घरी सोडलं.

तोवर गावात त्याला दोनदा मारून झालं होतं. कुणी म्हणे मास्तरांचं हृदय फाटलं, कुणी म्हणे गळून पडलं. आंब्याखालचे बाक रिकामे झाले. बायका दुकानात येऊन आवाज खाली करून विचारायच्या, “खरं का गं?”

“मला कशाला विचारता? ते बघा बसलेत,” केहिंदे म्हणायची.

कारण तो खरंच बसलेला असायचा, पायरीवर मांडलेल्या खुर्चीत. खुर्ची आईनं आपण होऊन दिली होती. “हो मावशी, सुजलं होतं. हो, लशीनंच. नाही, फाटलं नाही, हा बघा वाजतोय नगारा. तुमचा मुलगा माझ्याएवढा आहे ना? त्यानं घ्यायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. घेतली तर आठवडाभर पळू देऊ नका, छातीत दुखलं तर लपवू देऊ नका. तुम्ही? तुम्हाला साखरेचा आजार, वय साठ. तुम्हाला मांजर परवडेल हो, बिबट्या नाही परवडणार.”

काही लवून परत जायच्या. काही जरा वेळ आंब्याकडं बघत उभ्या राहायच्या, आणि मग रस्ता ओलांडायच्या. बाकांवर पुन्हा डोकी दिसू लागली.

एका सकाळी इबादानहून फोन आला. अवेळी.

“ऐकलं ते खरं आहे?” ताइवोचा आवाज कापत होता. तान्ही गप्प होती… कडेवर घट्ट धरली असणार. “खरं असलं तर सांग. मी नाही जात मग. तूही जाऊ नकोस.”

केहिंदेनं दारातून बाहेर पाहिलं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, आंब्याची पानं धुळीनं मळली होती. खुर्चीतला माणूस शेंगा सोलत होता आणि दाणे दोन वाट्यांत घालत होता. मोठी वाटी तिची.

“खरं आहे,” ती म्हणाली. “त्याला झालं. सौम्य होतं, वेळेवर पोचलो, बरा आहे. तसं तुलाही होऊ शकतं, मलाही. पण आपल्याला त्याच्याहून कमी, कारण आपण बायका आहोत. आजार आला तर तो तुला एकटीला येणार नाही ताइवो, घरात येईल. ही दोन्ही पारडी मी रोज उचलून बघते. रोज एकच जड भरतं. फक्त… पाऊल माझं उंबऱ्यावर अडत होतं.”

“आणि आता?”

“आताही अडतंय. तू फोन चालू ठेव. या खेपेला आधी मी.”

तिनं चष्मा पुसला, काउंटरची फळी उचलली आणि बाहेर आली. आईचं माप पिठातच राहिलं. अदिगुन खुर्चीतून उठू लागला.

“तू बस.”

“चालायला परवानगी आहे मला. पळायला नाही.”

“मग हळू ये. आज कुणी पळत नाहीये.”

दोघं रस्ता ओलांडून आंब्याखाली गेले. नर्सबाई दारात आल्या. आता त्या शहाण्या झाल्या होत्या, तरी तिला येताना पाहून सवयीनं ओरडल्या, “केहिंदे!” बाकांवरून चार केहिंदे उठू लागल्या.

“थांबा गं,” केहिंदे म्हणाली. “मी आहे पुढं.”

सुई लागली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. बारीकशी टोचणी, कापसाचा गार स्पर्श… एवढंच. मग नियमाप्रमाणं थोडा वेळ बाकावर बसायचं. तो शेजारी बसला, मध्ये दोन वाट्या मावतील एवढी जागा सोडून. तिनं त्या जागेकडं पाहिलं, आणि सरकून ती भरून टाकली.

“काय होतंय?” त्यानं काळजीनं विचारलं. “दंड? चक्कर?”

“धडधडतंय.”

तो ताडकन उभा राहिला. “नर्सबाई—!”

“अरे बस!” तिनं बाही धरून त्याला खाली ओढलं. “लशीनं नाही. हे आकाऱ्यांपासूनचं आहे.” आणि मग, तोंडातून शब्द परत आत जायच्या आधीच, “मला तू आवडतोस अदिगुन. पुष्कळ. लग्न करण्याइतका. तू काय म्हणशील ते मला ठाऊक नाही, कुणाला विचारायलाही धाडलेलं नाही. स्वतःच आलेय.”

वाऱ्यानं एक पान त्याच्या गुडघ्यावर येऊन पडलं, ते त्यानं झटकलं नाही.

“हे माझं काम होतं,” तो अखेर म्हणाला. “दवाखान्यातून सुटलो त्या दिवसापासून पाठ करतोय. चाखणारा मी ना?”

“तुझा नंबर गेला.”

“जाऊ दे. पहिल्यांदाच गेलाय… बरं वाटतंय.” त्यानं तिचा सुई न लागलेल्या बाजूचा हात हातात घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला, जिथं सारं पुन्हा शांत, एका तालात चाललं होतं. “हो म्हणतोय. ऐक.”

रस्त्यापलीकडून आईचा आवाज आला. “मास्तर, लेगॉसच्या भावाला आता तरी रिपोर्ट द्या! आणि पाहुणे घेऊन कधी येताय तेही सांगा, पीठ जास्तीचं लागेल!”

तेवढ्यात केहिंदेच्या खिशातून बारीक, चिडका आवाज येऊ लागला. फोन चालूच होता.

“अगं ए! किती वेळ! कशी आहे चव?”

केहिंदेनं फोन कानाला लावला. दंड आता दुखायला लागला होता. शेजारचा माणूस गालातल्या गालात हसत होता, आणि धुळीतूनही ऊन लख्ख पडलं होतं.

“जरा तिखट आहे,” ती म्हणाली. “पण गोड आहे, ताइवो. ये तू.”